दगड चाटणारे अप्पा

बोरीला माझी बदली झाली, त्याच्या चौथ्या दिवशी मी एका प्रतिष्ठित गृहस्थाला दगड चाटताना पाहिलं. गृहस्थ पन्नाशीचे होते. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि बसले होते स्वतःच्या कापडदुकानाच्या गादीवर. रस्त्यावरून जाणारे लोक कुणी रामराम, कुणी शरणार्थ, कुणी सलाम करत होते. हे सगळ्यांना मान लववत होते आणि मधूनमधून मुठीएवढा काळा दगड जिभेने ओला करून उजेडात धरत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा पाहुण्यापुढे पान करावं तसा तो दगड त्यांनी माझ्यापुढे केला.

मी गावात नवा होतो. नव्या मास्तराने व्यापाऱ्याचं मन मोडू नये, एवढी अक्कल मला होती. मी दगड चाटला.

कसा आहे, असं त्यांनी विचारलं. चांगला आहे, असं मी म्हणालो. ते माझ्याकडे असं बघायला लागले, की जणू एवढी वर्षं असाच एखादा माणूस यायची वाट बघत होते. तिथून पुढे मी त्यांच्या तावडीत सापडलो तो कायमचा. सुरुवात माझ्याच जिभेने झाली असल्यामुळे तक्रार कुणाकडे करावी हा प्रश्नच आला नाही.

त्यांचं नाव गुरुलिंगअप्पा. समोर सगळे अप्पा म्हणत आणि पाठीमागे दगडअप्पा. दुकान बाजारात, वेशीतून आत आलं की उजव्या हाताला. लुगडी, धोतरं, खण, मांजरपाट असा माल. जिंतूरच्या तहसिलीतले लोकसुद्धा कापडाला त्यांच्याकडे येत, कारण अप्पांचा गज कधी आखूड पडत नसे. दुकानामागे दोन खोल्या. तिथे अप्पा एकटे राहत आणि त्यांच्यासोबत दोन शिसवी कपाटं राहत. कपाटांत कापसाच्या गाद्या घालून, एकेकाला वेगळा कप्पा देऊन दगड ठेवलेले असत.

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मी येण्याआधी तीनेक वर्षं वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. बाई दगडांना कंटाळून गेल्या, असं गावात गमतीने म्हणत. अप्पांच्या कानावर ते जात असणारच, पण बाईंविषयी ते चकार शब्द काढत नसत. त्या गमतीवर मीही एकदोनदा हसलो आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

चाटण्यामागे शास्त्र होतं. अप्पा म्हणत, "कोरडा दगड म्हंजी झोपलेलं मानूस. ओला केला की डोळे उघडतंय." पाण्याने ओला का करत नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी, घासाची चव बोटाने घेता का, असं मलाच विचारलं. एकदा त्यांच्या घरी आलेल्या जंगमांनीही, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंनीही, हटकलं होतं, की गळ्यात एवढं लिंग असताना घरात इतके दगड कशाला. अप्पांनी हात जोडून सांगितलं, की गळ्यातला तो देव आणि कपाटातले ते पाहुणे. जंगम हसले आणि जाताना एक पाहुणा चाटूनही गेले, असं अप्पा सांगत. हे खरं असेलच असं नाही.

दुसरा नियम जागेचा. दगड कितीही देखणा असो, तो कोणत्या खाणीतून, किती खोलातून निघाला हे ठाऊक नसेल तर अप्पा त्याला कपाटात घेत नसत. प्रत्येक दगडाखाली मोडीत लिहिलेली चिठ्ठी असे. कुणी दगड आणला की पहिला प्रश्न, "जागा कोनती?" ही सवय इतकी मुरली होती, की माणसांनाही ते तेच विचारत. माझी पत्नी लुगडं घ्यायला पहिल्यांदा गेली, तेव्हा तिलाही विचारलं. तिला वाटलं, घराची चौकशी चालली आहे. तिने सांगितलं, की आम्हाला जागा नाही, भाड्याने राहतो. अप्पा फार हळहळले. चांगल्या माणसाला जागा नाही, असं ते महिनाभर गावात सांगत होते. शेवटी पाटलांनी मला बोलावून, वेशीबाहेरची पडीक जागा घेता का, असं विचारलं.

एका कप्प्यात लाल मखमलीवर अगदी सामान्य, मळकट खडा होता. असले खडे आमच्या शाळेच्या अंगणात पोतंभर सापडले असते. खाली चिठ्ठी होती, कृष्णाकाठच्या जुन्या हिऱ्यांच्या खाणींची. मला घाम फुटला. हा हिरा आहे का, असं मी हळूच विचारलं.

"हिरे राजे लोकं घिऊन गेले," अप्पा म्हणाले. "ह्यो तिथं ऱ्हायला. हिरा कुनीबी ठिवंल मास्तर. जो ऱ्हायला त्येला कोन ठिवतंय?"

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारा लबाड आहे, खरा हिरा दुसरीकडे लपवला असणार. माझी झेप तेवढीच. त्याच सुमारास त्यांनी मला एक पिवळा, लखलखीत खडा भेट दिला आणि ही सोनामाखी आहे, असं सांगितलं. मला त्यातलं फक्त सोनं ऐकू आलं. रविवारी मी मोटारीने परभणीला गेलो, सोनाराला तो दाखवला आणि घाईघाईने, सगळाच मोडायचा नाही, असंही बजावलं. सोनाराने तो विस्तवावर धरला. दुकानभर गंधकाचा असा वास सुटला, की बाकीची गिऱ्हाइकं नाकाला पदर आणि उपरणी लावून बाहेर गेली. मी परत आलो तेव्हा अप्पांनी काही विचारलं नाही. फक्त माझ्या कोटाजवळ वाकून एकदा हुंगलं आणि दुसरा खडा कागदात बांधून दिला.

आमच्या भागात खाणी नाहीत, विहिरी आहेत. काळा पाषाण फोडत खाली गेलं, की कधीकधी आत पोकळी लागते आणि तिच्यात पांढऱ्या, हिरव्या स्फटिकांची फुलं फुललेली असतात. झरीला, बोरीला, पार पाथरीपर्यंत कुठेही विहीर खणायला काढली, की अप्पा कापसाचं गाठोडं घेऊन काठावर हजर. एकदा एका शेतकऱ्याच्या विहिरीला ऐन उन्हाळ्यात पाण्याऐवजी अशीच फुलं लागली. तो डोक्याला हात लावून बसलेला, आणि अप्पा खाली उतरून आनंदाने वर ओरडतायत, की आणखी खाली जाऊ नका, असंच राहू द्या. त्या शेतकऱ्याने दोर वर ओढून घेतला. अप्पा दुपारभर विहिरीत होते. मी काठावरून मध्यस्थी केली. मला ते काम नीट जमलं नाही, कारण शेतकऱ्याचं म्हणणं मला पटत होतं.

आता विलायतेच्या दगडांकडे वळतो, कारण माझी खरी फजिती तिथे आहे.

अप्पा तरुणपणी रायचूरकडे हट्टीला होते. तिथे सोन्याची फार पुरातन खाण. खाणीजवळ त्यांच्या मामाचं दुकान होतं आणि अप्पा त्यात कापड मोजत. खाणीवर विलायतेतल्या कॉर्नवॉल नावाच्या मुलखातून आलेला विल्यम नावाचा मुकादम होता. त्याच्या मुलखात कथलाच्या आणि तांब्याच्या शेकडो वर्षांच्या खाणी, त्यामुळे दगडाची विद्या त्याच्या घरातच. त्याने अप्पांना दगड बघायला शिकवलं. चाटायलाही त्यानेच शिकवलं. मोडक्या हिंदुस्थानीत आणि त्याहून मोडक्या कानडीत दोघांचं जमलं. अप्पा त्याला विल्लप्पा म्हणायला लागले, आणि तो त्या नावाला ओ द्यायचा. पुढे खाण बंद पडली. विल्लप्पा मडमेला घेऊन मायदेशी गेला, अप्पा पार्वतीबाईंना घेऊन बोरीला आले. तेव्हापासून दोघे टपालाने दगडांची देवाणघेवाण करत. इकडून झरीच्या विहिरीतली फुलं जायची, तिकडून त्या जुन्या खाणींतले काळे, जांभळे, मोरपंखी दगड यायचे. विलायतेचं टपाल परभणीपर्यंत यायचं आणि तिथून अप्पा ते स्वतः मोटारीने, मांडीवर घेऊन आणायचे.

दगडासोबत पत्र असायचं, इंग्रजीत. ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालो होतो. म्हणजे बोरीतल्या इतर कुणाहीपेक्षा मला इंग्रजीचा दुप्पट अनुभव होता. शाळेत आम्ही शिकवायचो उर्दूतून आणि मराठीतून, त्यामुळे माझं इंग्रजी तपासायला कुणी नव्हतं. पत्रातला तिसरा-चौथा शब्द मला कळे. मधली जागा मी अनुभवाने भरून काढी. विल्लप्पाची तब्येत बरी आहे, पाऊस चांगला आहे, दगड पाठवला आहे, तुमची आठवण येते. पत्र चार ओळींचं असो की चार पानांचं, माझ्या वाचनात एवढंच निघे. अप्पा डोळे मिटून ऐकत.

एकदा टपालाने आलेला रुपेरी, चांगला जड दगड आणि पत्र घेऊन अप्पा माझ्या घरी आले. पत्रात मला ‘पुट’ दिसलं, ‘टंग’ दिसलं, ‘स्टोन’ दिसलं. ‘पुट’च्या आधीच्या शब्दावर शाई पसरली होती, आणि शाई पसरलेले शब्द मी सोडून देत असे. मी सांगितलं, की जीभ लावून बघा असं तो म्हणतो. अप्पांनी लावली आणि लसणाचा वास येतो म्हणाले. मग मी लावली आणि हो, येतो, म्हणालो. तेवढ्यात माझी पत्नी चहा घेऊन आली. दगड ज्या कागदात गुंडाळून आला होता तो तिने उलगडला आणि त्यावर ही कवटी कशाला काढली आहे, असं विचारलं.

तो दगड सोमलाचा, म्हणजे जालीम विषाचा होता. आम्ही दोघांनी वाटी वाटी तूप प्यायलं, वर दूध प्यायलं आणि दिवस मावळेपर्यंत ओट्यावर मरणाची वाट बघत बसलो. मी बायकोला, मुलींची लग्नं कुठे करावीत ते सांगितलं. अप्पांनी तो वेळ, ज्या दगडांच्या चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्या होत्या त्या लिहायला वापरला. झालं काहीच नाही. तूप मात्र मला तीन दिवस बाधलं.

एवढं होऊनही पुढचं पत्र आलं तेव्हा अप्पा ते घेऊन माझ्याकडेच आले. मला माझ्या इंग्रजीचा अभिमान वाटायला लागला तो तेव्हापासून.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एकदोन वर्षं आधीची गोष्ट. चैत्राचे दिवस होते. अप्पा दुपारी शाळेत आले, आणि हे नवल होतं, कारण त्या वेळी ते दुकान सोडत नसत. हातात विल्लप्पाचं पत्र, दगड नाही. कागद मोठा झोकदार होता, चारी बाजूंनी काळा काठ असलेला. विल्लप्पाची परिस्थिती सुधारलेली दिसते, असं मी म्हणालो. अप्पांनी तो माझ्यापुढे सारला.

पत्र लहान होतं. त्यात ‘वाइफ’ होतं आणि ‘लॉस्ट’ होतं. लॉस्ट म्हणजे हरवणे. हा शब्द मला पक्का ठाऊक होता, कारण मॅट्रिकच्या पेपरात तो आला होता आणि तेवढा एक मला आला होता. मी घसा खाकरून सांगितलं, "अप्पा, बातमी चांगली नाही. विल्लप्पाची बायको हरवली आहे."

अप्पांनी वाकून कागदाकडे बघितलं. मग, हरवली असंच लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. असंच लिहिलंय, असं मी म्हणालो आणि शब्दावर बोट ठेवून दाखवलं.

ते बाकावर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. हट्टीला असताना मडम आणि पार्वतीबाई दुपारी दुकानाच्या पायरीवर बसायच्या. एकीची भाषा दुसरीला यायची नाही. मडम तिच्या भाषेत बोलायची, बाई कानडी-मराठीत बोलायच्या, दोघी मिळून सुपातली डाळ निवडायच्या आणि तासन्तास हसायच्या. काय बोलायच्या ते विल्लप्पाला कळलं नाही आणि अप्पांनाही कळलं नाही. बाईंचं नाव अप्पांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी मात्र मनात, विलायतेत पोलीस वगैरे चांगले असतील तर मडम सापडायला हरकत नाही, असा हिशेब करत होतो.

"लिवा," अप्पा म्हणाले. "त्येला म्हनावं, शोध. खानीकडं जाऊ नगं, तिला खानीचं भ्या वाटायचं. समुद्राकडं बग. तिथं नसंल तर घरात बग. लय वेळा घरातच असत्यात. सकाळच्या पारी चुलीपाशी बग."

मी ते सगळं इंग्रजीत घातलं. ‘सर्च’, ‘सी’, ‘हाउस’, ‘मॉर्निंग’, ‘किचन’. शेवटी, लवकर सापडो अशी सदिच्छा मी स्वतःतर्फे जोडली. मग अप्पांनी कपाटातून एक हिरवा दगड काढला. काचेसारखा स्वच्छ, टोकदार, पोपटाच्या कोवळ्या पिसाच्या रंगाचा. झरीच्या विहिरीतला. त्याच्यासारखा दुसरा त्यांच्याकडे नव्हता, आणि तोवर त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. चिठ्ठीवर जागा, खोली आणि खाली आणखी एक ओळ होती, की पार्वतीने मांडीवर घेऊन आणला. तीही ओळ इंग्रजीत लिहा, असं अप्पांनी सांगितलं. बैलगाडीतून येताना दगडाला धक्का लागू नये म्हणून बाईंनी तो झरीपासून पदरात धरला होता, असं कळलं. ज्याची बायको हरवली आहे त्याला दगड कशाला पाठवायचा, हे काही मला समजलं नाही. तरी मी पार्सल शिवून दिलं.

त्याच पावसाळ्यात आमच्या शाळेत नवे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर आले. औरंगाबादकडचे वयस्क मुसलमान गृहस्थ, अतिशय सभ्य, आणि त्यांना इंग्रजी खरोखर येत होतं. आपल्यालाही येतं हे त्यांच्या कानावर घालावं, म्हणून मी एकदा मधल्या सुटीत सगळ्या मास्तरांपुढे हरवलेल्या मडमेची गोष्ट रंगवून सांगितली. अप्पांनी चुलीपाशी शोधायला सांगितलं, इथे सगळे खूप हसले. सदरसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की पत्रातले शब्द नेमके काय होते. मी सांगितले.

"मास्तरसाब," ते म्हणाले, "अंग्रेज लोगां मौत को बी ऐसाच बोलते. उनकी बीवी गुजर गई."

कागदाचा काठ कसा होता, असंही त्यांनी विचारलं. काळा, असं मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मला रागावले मात्र नाहीत, आणि त्यांनी रागवायला हवं होतं, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

बायको मेलेल्या माणसाला आम्ही लिहिलं होतं, की घरात नीट शोध. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या आहेत, पण समुद्रापलीकडे जाऊन केलेली ही पहिलीच. त्या दिवसापासून मी बाजारातून जाणं सोडलं. शाळेला जायला तळ्याकडून वळसा घेऊ लागलो. पत्नीने दोनदा सांगितलं, की जाऊन एकदाचं सांगून टाका. मी श्रावण संपू दे म्हणालो. श्रावण संपल्यावर पोळा होऊ दे म्हणालो. पत्रं बुडतात, बोटी बुडतात, हे पत्रही बुडालं असेल, अशी आशा मी धरून होतो. एखादी बोट बुडावी असं मला वाटायला लागलं होतं, यावरून माझी योग्यता कळेल.

बोट बुडाली नाही. दसऱ्याच्या सुमारास अप्पा सरळ माझ्या घरी आले. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, असं म्हणून त्यांनी माझ्या तब्येतीची विचारपूस केली आणि पत्र पुढे ठेवलं.

मी पत्र उघडलं.  पत्नी दारात उभी होती. तिच्याकडे बघून मी, आधी मला काही सांगायचं आहे, असं म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. लॉस्टचा अर्थ, काळा काठ, सदरसाहेब, शाळेतलं हसणं, सगळं. अप्पांनी मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर एवढंच म्हणाले, "मला ठावं व्हतं मास्तर."

हट्टीला खाणीत माणूस मेला, की विलायतेला जाणारी पत्रं तसल्याच कागदावर लिहिली जात. मामाच्या दुकानात तो कागद ठेवावा लागे, आणि तो अप्पांनी कितीदा तरी स्वतः मोजून दिला होता. परभणीच्या टपालात पत्र हातात पडलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. मग माझ्याकडून वाचून कशाला घेतलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

"वाचा," ते म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पत्र खरोखर वाचलं. शब्द अडला की थांबलो. शेजारच्या मुलाला पाठवून सदरसाहेबांची डिक्शनरी मागवली. लहान पत्र होतं, पण आम्हाला तास लागला. विल्लप्पाने लिहिलं होतं, की तुझं पत्र मी बहिणीला वाचून दाखवलं. ती फार रागावली. मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी मी समुद्राकडे गेलो. तिथे ती नव्हती. खाणीकडे गेलो नाही, तुझं खरं आहे, तिला भीती वाटायची. मग तू सांगितलंस तसं सकाळी चुलीपाशी पाहिलं. तिथे ती थोडा वेळ होती. पार्वतीने आणलेला दगड मी तिथेच ठेवला आहे, म्हणजे दोघींना बोलता येईल.

अप्पांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते मिटलेलेच होते. मला मात्र घरात जाऊन माठातलं पाणी प्यावं लागलं. पत्नी आत चुलीशी बसली होती. मी उगीच तिच्याजवळ जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. काय हवं आहे, असं तिने विचारलं. काही नाही, असं मी म्हणालो.

त्यानंतर मी ठरवलं, की ही जोखीम आपली नव्हे. सदरसाहेबांना मी गळ घातली आणि ते आनंदाने कबूल झाले. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी आणखी एक पत्र आलं, तेव्हा मी अप्पांना घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. सदरसाहेबांनी अप्पांना मानाने बसवलं, पान दिलं, चष्मा लावला आणि पत्रासाठी हात पुढे केला.

अप्पा उठून उभे राहिले. पत्र त्यांनी दिलं नाही.

"साहेब, राग मानू नगा," ते म्हणाले. "तुमचं इंग्रजी खरं हाय. मास्तराचं चुकतंय, ते मला पयल्यापासून ठावं हाय. पर तुमच्या इंग्रजीत विल्लप्पाची बायकू मेलेली हाय. मास्तराच्या इंग्रजीत नुस्ती हरवलीय." मग पत्राची घडी नीट करत ते म्हणाले, "माजी गेली तवा समदे म्हनले, लिंगैक्य झाली, सुटली. शोध म्हनून कुनी म्हनलं न्हाई."

 बाहेर पहिलीचा वर्ग पाढे म्हणत होता.

सदरसाहेबांनी चष्मा काढून घडी करून ठेवला. मग ते उठले आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.